नाइटच्या आठवड्यात नाशिकला जाऊ नका

पत्र

‘मी पुण्यात वाकडला मैत्रिणीबरोबर टू बीएचकेमध्ये राहते. आयटीत आहे, शनिवार-रविवार सुट्टी, आठवड्यातून दोन दिवस घरून काम. लग्नाला चौदा महिने झाले. नवरा नाशिकला अंबड एमआयडीसीत, पाथर्डी फाट्याला वन आरके भाड्याने घेतलंय. त्याला सुट्टी फक्त रविवारी. शिफ्ट सात ते साडेतीन, साडेतीन ते बारा आणि रात्री बारा ते सात. दर सोमवारी बदलते, फर्स्टनंतर सेकंड, सेकंडनंतर नाइट. मी एक आठवडा आड जाते. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाची बस, पोचायला बारा वाजतात. रविवारी चारला परत. कधी कधी दोन दिवस इतके छान जातात की निघवत नाही, आणि कधी वाटतं उगाच आले. गेल्या खेपेला रविवारी अकरा वाजता मी पडदा सरकवला तर अंगावर ओरडला. मी रडतच बसमध्ये चढले. तो मला कंटाळलाय का? शिवाय सासर संगमनेरचं. बस तिथूनच जाते म्हणून सासूबाई दर वेळी म्हणतात, उतरून जेवून जा. नाही म्हटलं की दोन दिवस अबोला. आणि दर खेपेला यायचं मीच. काय करू? पुढच्या खेपेला त्याच्यासाठी काय नेऊ, तेही सांगा.’

— शिफ्टवाल्याची बायको, पुणे

उत्तर

शिफ्टवाल्याच्या बायकोस,

तुमचं पत्र वाचून आधी कागदावर सहा आठवडे आखले. तुम्हीही आखा, पाच मिनिटांचं काम आहे. शिफ्ट फिरून यायला तीन आठवडे लागतात आणि तुम्ही जाता दर दुसऱ्या आठवड्याला. म्हणजे सहा आठवड्यांत तुमच्या तीन खेपा होतात आणि तिन्ही वेगवेगळ्या शिफ्टवर पडतात: एक फर्स्टला, एक नाइटला, एक सेकंडला. कधी छान, कधी उगाच आले, याचं कोडं बरंचसं इथेच सुटतं. ज्या रविवारी तुम्ही पडदा सरकवला, तो रविवार नाइटच्या आठवड्याचा होता हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण अकरा वाजता गाढ झोपलेला माणूस दुसऱ्या कुठल्या आठवड्यातला असणार?

ती खेप तासांत मांडून बघा. शुक्रवारी रात्री बाराला तुम्ही द्वारका सर्कलला उतरता, तेव्हा तो साडेअकरालाच घराबाहेर पडलेला असतो. शनिवारी सकाळी साडेसातला येतो, आंघोळ, चहा-पोहे, साडेआठला झोपतो, दोनच्या सुमारास उठतो. रात्री साडेअकराला पुन्हा कामावर. रविवारी सातला सुटतो ती त्याची सलग सहावी रात्र असते. आठ-साडेआठला आडवा झाला की दोनला उठणार आणि सव्वातीनला तुम्ही रिक्षा बघायला लागणार. रविवारचा तुमचा संसार सव्वा तासाचा! त्यातून सोमवारी सातला फर्स्ट, म्हणजे पाचचा गजर. नाइट संपल्यापासून फर्स्ट सुरू होईपर्यंत त्याच्या हातात चोवीस तास असतात आणि तेवढ्यात त्याला अख्खी झोप उलटी करून घ्यायची असते.

आता पडद्याकडे या. साडेआठला झोपलेल्याला अकराला उजेडाने जागं करणं म्हणजे रात्री अकराला झोपलेल्याच्या तोंडावर दीड वाजता ट्यूबलाइट लावण्यासारखं आहे. दिवसाची झोप मुळातच उथळ आणि तोकडी असते, कारण सकाळचा उजेड डोळ्यावर पडला की शरीर जागं व्हायच्या तयारीला लागतं आणि अंगातली ऊबही तेव्हा चढत असते. सहा रात्रींनंतर ती तोकडी झोपही कुणी मोडली की माणूस शुद्धीवर यायच्या आधी ओरडतो. म्हणून ओरडणं बरोबर ठरत नाही. माफी त्याने मागायलाच हवी, आणि ती उठल्यावर, चहा घेऊन, नीट. पण त्या ओरडण्यावरून ‘कंटाळलाय का’ याचा निकाल लावू नका. तो लावायचा असेल तर फर्स्टच्या आठवड्यातल्या दोन खेपा बघून लावा. तेव्हाही तो पुरेसा झोपून उठल्यावर तुमच्याशी बोलण्याऐवजी मोबाइलमध्ये डोकं घालून बसत असेल, तर पुन्हा लिहा. ते वेगळं पत्र असेल.

तर एक आठवडा आड हा हिशोब आजपासून बंद. शिफ्ट बघून निघायचं.

फर्स्टच्या आठवड्यात तो शनिवारी साडेतीनला सुटतो आणि सोमवारी सेकंडला जातो, तीही साडेतीनला. पूर्ण अठ्ठेचाळीस तास. सेकंडच्या आठवड्यात शनिवारी रात्री बाराला सुटतो आणि नाइट सुरू होते सोमवारी रात्री बाराला. पुन्हा अठ्ठेचाळीस. नाइटनंतर फक्त चोवीस आणि त्यातले निम्मे झोपेचे. म्हणून फर्स्टच्या शेवटी तुम्ही नाशिकला जा, सेकंडच्या शेवटी तो पुण्याला येऊ दे, आणि नाइटच्या शेवटी कुणीच कुणाकडे जाऊ नये. सहा आठवड्यांत आत्ता तुम्ही तीनदा भेटता, मग चारदा भेटाल. तुमच्या नाशिकच्या खेपा तीनावरून दोनावर येतील. ‘दर खेपेला मीच’ ही तक्रारही भांडण न करता मिटेल, कारण हे शिफ्टच्या तक्त्यावरून ठरलेलं असेल, कुणी कुणावर उपकार केल्यासारखं वाटणार नाही.

मोटरसायकलवर पुण्याला येतो म्हणाला तर मात्र नाही म्हणा. सेकंड संपवून घरी यायला साडेबारा-एक, त्यावर पहाटे उठून चाकणमधून दुचाकी, हे ऐकायलाही नको. नाइटनंतर तर अजिबातच नको.

तुमच्या नाशिकच्या खेपेपासून सुरू करू. शुक्रवारी संध्याकाळी निघणं तुम्ही का लावून घेतलंय ते समजतं. सुट्टीचा एक क्षणही वाया जाऊ नये असं वाटतं. पण फर्स्टच्या आठवड्यात तुम्ही बाराला पोचता तेव्हा पाचला उठणारा माणूस दोन तास झोपून दार उघडायला उठलेला असतो आणि शनिवारी सकाळी सव्वासहाला निघूनही जातो. तुम्ही चार वाजेपर्यंत त्या एका खोलीत एकट्या. साडेसहाची बस म्हणजे भोसरी, मोशी, चाकण ही सगळी गर्दी ऐन भरात असताना अंगावर घ्यायची. त्यापेक्षा शुक्रवारी घरी झोपा. शनिवारी सकाळी आठच्या आसपासची बस धरा, दीडच्या आत नाशिकला पोचाल. तो यायच्या आधी दोन-अडीच तास तुमचे: आंघोळ, थोडं पडणं, भात टाकणं.

बस वाकडेवाडीवरून पकडत असाल तर उगाच मागे जाताय. शिवाजीनगरचं स्टँड मेट्रोच्या कामासाठी तिकडे हललं तेव्हापासून पुष्कळजण तिथूनच चढतात, पण वाकडहून तुम्हाला कासारवाडीचा नाशिक फाटा जवळ. एसटीचं आरक्षण करताना चढण्याचं ठिकाण निवडता येतं, तिथे तो थांबा आहे का ते बघून घ्या. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, सगळ्या प्रकारच्या बसला, वातानुकूलितलासुद्धा. खासगी ट्रॅव्हल्सला ते नाही, त्यामुळे कूपनच्या मोहात पडून गणित चुकवू नका. आणि परतीचं तिकीट आधी काढा, जायचं नंतर. जायला शनिवारी सकाळी कशीही जागा मिळते. यायला रविवारी दुपारी चार ते सात सगळं नाशिक पुण्याला निघालेलं असतं. रेल्वेचा विचार मनात असेल तर सोडा, या दोन शहरांमध्ये थेट लोहमार्गच नाही. कल्याणवरून किंवा मनमाडवरून वळसा.

द्वारकेला उतरलात की पाथर्डी फाट्याला रिक्षा. भाडं बसायच्या आधी ठरवा. शेअर रिक्षा मुंबई नाक्यापर्यंत आणि पुढे दुसरी, असंही जमतं, पण बॅग असेल तर कटकट. 2027 च्या सिंहस्थाची कामं शहरभर चालू आहेत आणि द्वारकेची कोंडी त्याआधीपासूनची, तेव्हा शेवटच्या सहा-सात किलोमीटरला अर्धा तास धरून चाला.

बॅग म्हणाल तर ती हलकी करायचा एकच उपाय, तिथल्या कपाटातला एक खण तुमचा करून घ्या. टूथब्रश, चार्जर, दोन गाऊन, एक बाहेर जायचा ड्रेस, चप्पल, पॅड, तुमचं खोबरेल. दर वेळी पाहुण्यासारखी बॅग उघडायची आणि भरायची, यातच येण्या-जाण्याचे दोन तास जातात आणि घर त्याचंच राहतं.

आता शनिवारचे चार. ही वेळ फार नाजूक आणि पुष्कळ जोडप्यांची इथेच ठेच लागते. तुम्ही दोन आठवडे वाट बघितलेली, अंघोळ करून, केसबिस धुऊन तयार. आणि तो पहाटे पाचपासून जागा, आठ तास मशीनवर उभा, कॅन्टीनचं अकराचं जेवण कधीच जिरलेलं. दारातच ‘चल, गंगापूर धरणावर जाऊ’ म्हणाल तर तो येईल, पण मागच्या सीटवरून तुम्हाला त्याची मान डुलताना दिसेल. आधी जेवू द्या. साधं: मुगाची खिचडी, कढी, पापड. मटणाचा बेत या वेळी नको, त्यावर माणूस थेट सातपर्यंत आडवा होतो. साडेचारला झोप, गजर दीड तासाचा. एवढ्यात झोपेची एक फेरी साधारण पुरी होते आणि उठताना डोकं जड राहत नाही. अडीच-तीन तास झोपला तर संध्याकाळही गेली आणि रात्रीची झोपही. सहाला चहा झाला की पुढची संध्याकाळ खरी तुमची. आणि हे त्याला आधीच सांगून ठेवा, ‘आल्यावर दीड तास झोप, मला राग नाही’. हे वाक्य फोनवर शुक्रवारीच गेलं पाहिजे, नाहीतर तो तुमच्यासाठी जागा राहण्याचा पराक्रम करतो आणि आठ वाजता चिडचिडतो.

शनिवारी रात्रीबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, तरी लिहितो. इतक्या दिवसांनी भेट, म्हणजे त्या रात्री सगळं झालंच पाहिजे, असा एक अलिखित नियम दोघांच्याही डोक्यात बसतो. थकलेल्या माणसाला तो नियम परीक्षेसारखा वाटतो आणि नाही जमलं की एक गप्प होतो, दुसरी भिंतीकडे तोंड करते. नव्या तक्त्यात तुम्ही रविवारऐवजी सोमवारी निघायचं, ते कसं ते पुढे सांगतो, म्हणजे तुम्हाला शनिवार आणि रविवार अशा दोन रात्री मिळतात आणि सोमवारी सकाळी पाचचा गजरही नसतो. घाई कशाला? रविवारची सकाळ शनिवारच्या रात्रीपेक्षा बहुतेकांना बरी पडते, झोप झालेली असते. आणखी एक: त्याची पाळी आणि तुमची पाळी, दोन्ही एकाच कॅलेंडरवर मांडा. भिंतीवर लटकतं ना, त्याच्यावरच. फ, से, ना एवढी तीन अक्षरं आणि तुमच्यासाठी लाल टिंब. तारखा एकमेकींवर येत असतील तर आधीच कळलेलं बरं. पोटावर शेकायची पिशवी त्या खणात ठेवून द्या.

रविवारी बाहेर पडायचं तर सकाळी लवकर आणि जवळ. पांडवलेणी तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहेत. साडेसातला पायथ्याशी पोचलात तर पायऱ्या उन्हाच्या आत चढून होतात, वर चोवीस लेणी निवांत बघता येतात आणि खाली अंबडची आपली कंपनी कुठे ती शोधण्याचा खेळही होतो. उतरल्यावर मिसळ. ती नाशिकात रविवारी सकाळी खायचीच असते, पण नऊनंतर मखमलाबाद आणि गंगापूर रोडकडच्या मोठ्या ठिकाणी नंबर लावून उभं राहावं लागतं, म्हणून आधी मिसळ मग लेणी असं उलटंही करता येईल. तर्री किती घ्यायची ते मात्र पायऱ्यांचा विचार करून ठरवा. थंडीत एखादा रविवार नांदूरमध्यमेश्वरला द्या. महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा ती, म्हणजे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतली. निफाडच्या बाजूला, सकाळी पक्षी बघून जेवायला घरी. त्र्यंबकेश्वर आणि वणी मात्र रविवारी नको. ‘नवीन जोडपं, देवीला जाऊन या’ असं सगळे म्हणतील. म्हणू देत. रांगेत आणि रस्त्यात दिवस जातो आणि देवी काही सोमवारी सुट्टीवर नसते. तिथे रजा काढून जा.

आणि प्रत्येक रविवारी बाहेर पडलंच पाहिजे असंही नाही. एकदा त्याच्या खोलीतला गॅसचा पाइप बदला, पाण्याची टाकी घासून घ्या, त्याच्या शर्टाची बटणं लावा, त्याच्याकडून तुमच्या लॅपटॉप बॅगेची चेन दुरुस्त करून घ्या. दोघांनी मिळून केलेली असली फुटकळ कामं हाच संसार असतो, आणि तुमच्या वाट्याला तो फार कमी आलाय.

जड विषयांना वेळ नेमा. बदली कधी मागायची, घर पुण्यात की नाशकात, कर्जाचा हप्ता, मूल: हे सगळं सुटायला हवंच, पण रात्री नवानंतर नाही आणि निघायच्या आधीच्या तीन तासांत तर मुळीच नाही. शेवटच्या तासांत भांडण उकरून निघतं त्याचं एक कारण असं की रागावून निघणं रडून निघण्यापेक्षा सोपं जातं. रविवारी सकाळी नाश्त्यानंतर एक तास, एकच विषय. लेण्यांच्या पायरीवर बसूनही चालेल. शेजारी शेजारी बसून बोललं की समोरासमोर बसण्यापेक्षा आवाज कमी चढतो. विषय संपला नाही तर उरलेला फोनवर. ओव्हरटाइमचाही विषय याच तासात काढा. रविवारच्या कामाला दुप्पट पैसे मिळतात, मोह होणारच, महिन्याच्या शेवटी तर साहेबही मागे लागतात. नाइटचा रविवार झोपेचा, त्यामुळे तो तसाही बाद, पण तुमच्या भेटीच्या दोन रविवारीही ओव्हरटाइम घ्यायचा नाही, असं ठरवून टाकता येईल. सेकंडच्या शनिवारी जादा थांबवलं तर पुण्याची बस चुकते, हेही त्याने सुपरवायझरला आधीच सांगून ठेवावं.

आता सोमवार. घरून कामाच्या दोन दिवसांतला एक सोमवारी लावून घ्या आणि तीन आठवड्यांतून एकदा दुपारची अर्धी रजा टाका. वर्षाला साडेआठ-नऊ रजा होतात. सकाळी नऊ ते एक काम करा. खोली एकच असल्यामुळे मीटिंग असेल तेव्हा स्वयंपाक त्याचा, कुकरही त्याने तुमच्याकडे बघून लावायचा. एकला जेवण, दीडला निघणं, दोनला तो तुम्हाला द्वारकेला सोडतो आणि तीनच्या आत घरी येऊन डबा घेऊन सेकंडला जातो. तुम्ही साडेसात-आठला नाशिक फाट्याला. या निरोपात एक मोठी सोय आहे. रविवारी चारला तुम्ही निघत होता तेव्हा तो रिकाम्या खोलीत परत जात होता, आणि तिथे तुमचा ओला टॉवेल दोरीवर. सोमवारी दोनला दोघंही कामाला निघालेले असता. रजा नाकारली गेली तर सोमवारी पहाटे पाचची बस. त्याला दुपारी साडेतीनला जायचंय, त्यामुळे पहाटे सोडायला येऊन परत झोपू शकतो. मात्र दहाच्या आत लॉगिन होईल असं कबूल करू नका, चाकण तुमच्या साहेबांना ओळखत नाही.

त्याची पुण्याची खेप सोपी आहे, फक्त परतीची वेळ कडक पाळायची. शनिवारी रात्री बाराला सुटून तो एकच्या सुमारास झोपला तर रविवारी साडेसातची बस, साडेबाराला तुमच्याकडे. सोमवारी दुपारी बाराच्या आत परतीच्या बसमध्ये बसलाच पाहिजे: पाचला नाशिक, सहाला अंथरूण, साडेदहापर्यंत झोप, बाराला नाइट. ‘अजून एक तास थांब’ असं तुम्ही म्हणायचं नाही, कारण तो तास पहाटे चारला मशीनपुढे त्याच्या डोळ्यांवर येतो. मैत्रिणीला महिन्याच्या सुरुवातीलाच तारखा दाखवा. घर तिचंही आहे. आणि त्या एका दिवसात त्याला तुमच्या ऑफिसच्या मित्रमंडळींपुढे उभं करायचा घाट नको.

राहिलं संगमनेर. सासूबाईंचं चुकतंय असं आम्हाला वाटत नाही. मुलगा सत्तर किलोमीटरवर, सून दारावरून बसने जाते, आणि थांबत कुणीच नाही. पण पुणे-नाशिकमध्ये मध्येच उतरून जेवायचं म्हणजे आरक्षित जागा गेली, पुढची बस उभ्याने, आणि दोन-अडीच तास गेले, तेही अठ्ठेचाळीसातले. म्हणून त्यांना जाता-जाताचा वेळ देऊ नका, त्यांचा वेगळा दिवस द्या. तुमच्याकडे आता तिसरा, नाइटचा आठवडा मोकळा आहे. सहा आठवड्यांतून एकदा त्या शनिवारी थेट संगमनेरला जा, मुक्काम करा, रविवारी जेवून निघा. पुण्याहून साधारण एकशे चाळीस किलोमीटर, चंदनापुरीचा घाट ओलांडला की आलंच. पुढच्या वेळचा नाइटचा आठवडा तुमचा, कुठेही न जाता झोपायचा. हे सासूबाईंना तुम्ही सांगायचं नाही. त्याने सांगायचं, स्वतः फोन करून, आणि ‘तिला जमत नाही’ असं न म्हणता ‘आम्ही असं ठरवलंय, अमुक तारखेला ती राहायला येतेय’ असं. तारीख कळली की अबोल्याचं निम्मं कारण जातं. एकदा ठरलेली ती तारीख मात्र चुकवू नका. नाशिकची एक खेप चुकली तर नवरा समजून घेईल, ती चुकली तर गल्लीत चर्चा होईल.

आणि त्याच्यासाठी काय नेऊ? बाकरवडी नको, नाशिकात मिळते. पडदा न्या. गडद, जाड, आतून अस्तर लावलेला, उजेड अडवणारा. खिडकीचं माप त्याच्याकडून फोनवर मागवा, चौकटीचं, काचेचं नव्हे. दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच आणि वर-खाली तेवढंच जास्त धरा, कारण उजेड कडेच्या फटीतूनच येतो. घरमालक भिंतीला भोक पाडू देत नसेल तर चौकटीला वेलक्रोची पट्टी चिकटवून पडदा त्यावर दाबायचा. फक्त चिकटवायच्या आधी चौकट ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या, एमआयडीसीच्या धुळीवर पट्टी दोन दिवसांत सुटते.